गॅस्ट्रिक बँड करून घ्यावा का? (जठर कापायला नको, एवढंच कारण पुरेसं आहे का?)

तिन्हीसांज

नमस्कार मंडळी. लिहू की नको, लिहू की नको करत महिना गेला. आज लिहितेच.

वय ४१, उंची १६५ सेंमी, वजन ११८ किलो. बीएमआय (उंचीच्या हिशेबात वजन किती, तो आकडा) ४३ च्या वर जातो. मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहे असं डॉक्टर म्हणतात. रक्तदाबाची गोळी चालू. घोरणं असं की नवरा दोन वर्षांपासून दुसऱ्या खोलीत झोपतो, आणि त्याला मी दोष देत नाही. डाएटचं म्हणाल तर बारा किलो उतरवायचे आणि पंधरा चढवायचे, हा खेळ तीनदा खेळून झालाय.

सर्जनना भेटले. त्यांनी बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात), स्लीव्ह आणि बँड असे तीन पर्याय कागदावर काढून दाखवले. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात हे ऐकल्यावर माझे कानच बंद झाले. बँडचं चित्र बघून मात्र जीव भांड्यात पडला. काही कापायचं नाही, काही जोडायचं नाही, जठराभोवती नुसता पट्टा. नाही जमलं तर काढून टाका.

पण मी 'बँड' म्हटल्यावर सर्जन थोडे गप्प झाले. "विचार करून या," म्हणाले. ते गप्प का झाले असतील, हे इथे कुणी सांगेल का? ज्यांनी बँड बसवलाय त्यांचे अनुभव हवेत. चांगले-वाईट दोन्ही.

---

रानवारा

ताई, राग मानू नका, पण रोज तासभर चालणं आणि तोंडावर ताबा, यापुढे सगळी ऑपरेशनं फिकी आहेत. इच्छाशक्ती हवी.

---

भोपळा_टुणूक

@रानवारा, तीनदा बारा-बारा किलो उतरवणाऱ्या बाईला इच्छाशक्ती शिकवताय? वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च आवरतं घेतं. ही भांडणं आतल्या आत चालतात, तिथे तुमचा सल्ला पोचत नाही.

तिन्हीसांज, मी बँडवाली आहे, १३ वर्षं झाली. सविस्तर लिहिते, जरा सवड होऊ दे.

---

टाचणी

मी वजनाच्या शस्त्रक्रियांच्या विभागात परिचारिका होते, त्यातली बरीच वर्षं बँडच्या पेशंटांबरोबर गेली. तुम्ही उत्तर मागताय सर्जनच्या गप्प बसण्याचं, पण आधी बँड चालतो कसा ते सांगते, कारण 'नुसता पट्टा' या दोन शब्दांतच सगळा घोटाळा आहे.

सिलिकॉनचा पट्टा. अन्ननलिका संपते त्याच्या किंचित खाली, जठराच्या वरच्या टोकाला तो वेढून बसवतात. पट्ट्याच्या वर एक-दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी उरते. पट्ट्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो, त्याला बारीक नळी, आणि नळीचं दुसरं टोक पोटाच्या कातडीखाली स्नायूवर टाचलेल्या पोर्टला. पोर्ट म्हणजे साधारण जाड बटणासारखी डबी. तिच्यात सुईने सलाईन भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. सुईसुद्धा वेगळी, हबर सुई म्हणतात. साधी सुई वापरली तर पोर्टचा पडदा कोरला जाऊन गळायला लागतो.

आता महत्त्वाचं. ऑपरेशन होतं त्या दिवशी फुगा बहुतेक वेळा रिकामाच असतो. पहिलं सलाईन चार ते सहा आठवड्यांनी. मग थोडं थोडं, प्रत्येक वेळी पाणी पिऊन बघायचं, घरी जाऊन खाऊन बघायचं, परत यायचं. कमी भरलं तर भूक लागते, वजन हलत नाही. जास्त भरलं तर घास अडकतो. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद जागा असते, तिला आम्ही 'हिरवा पट्टा' म्हणायचो. काहींना ती चौथ्या फेरीत सापडायची, काहींना वर्षभरात नाही. आणि सापडलेली जागा कायम राहतेच असंही नाही.

म्हणजे स्लीव्हच्या पेशंटचं मोठं काम ऑपरेशनच्या टेबलावर होतं. बँडच्या पेशंटचं काम टेबलावरून उठल्यावर सुरू होतं. मी बघितलेल्यांत जे बँडवर टिकले ते नियमित येणारे होते. जे यायचे बंद झाले ते थेट त्रास घेऊनच आले.

---

तिन्हीसांज

टाचणीताई, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं बसवला की झालं. आणि वरची पिशवी भरली की पोट भरतं, असंच ना?

---

टाचणी

सगळ्यांना तसंच वाटतं. वरची पिशवी भरून तुंबून राहिली तर ते पोट भरणं नव्हे, तो बिघाड. बँड नीट असेल तर चावलेला घास मिनिटाभरात खाली सरकतो. सरकताना पट्ट्याच्या जागी जो दाब पडतो, तो मेंदूला 'पुरे' सांगतो. म्हणून लहान घास, नीट चावून, घासाघासात थांबून. भराभर खाल्लं तर निरोप पोचायच्या आधी पुढचा घास येऊन आदळतो.

---

जुना_भिडू

टाचणींनी जे 'आदळतो' म्हटलंय ते काय असतं ते मी सांगतो.

बँड बसवून सात-आठ महिने झाले होते. ऑफिसात एकाच्या निरोपाचं जेवण. गप्पांच्या नादात चिकनचा एक तुकडा तीन-चारदाच चावून गिळला. पुढच्या सेकंदाला छातीच्या हाडामागे कुणीतरी अंगठा रोवल्यासारखं. पाणी प्यावं म्हटलं तर पाणी खाली जात नाही, तेही वरच थांबतं. मग तोंडात लाळ सुटायला लागते. साधी नाही, चिकट, तार धरणारी, थुंकली तरी तुटत नाही. हसतमुखाने 'आलोच' म्हणून उठलो आणि बेसिनपाशी चाळीस मिनिटं उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा सगळ्यांची जेवणं होऊन फोटो चालू होते. एकाने विचारलं, छातीत दुखतंय का, गाडी काढू का? बँडचं ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

असं दोन-चारदा झालं की माणूस शिकतो. मी चुकीचं शिकलो. चिकन अडकतं, ब्रेड अडकतो, आईस्क्रीम कधीच अडकत नाही. मिल्कशेक तर विचारूच नका. बँड घट्ट घासाला अडवतो, वितळलेल्या चॉकलेटला सलाम करून आत सोडतो. वजन १३१ वरून दोन वर्षांत १०४ वर आलं होतं, ते सहाव्या वर्षी ११३. आणि गंमत म्हणजे मी घरात सगळ्यांत कमी 'जेवणारा' माणूस होतो.

सातव्या वर्षी रात्री खोकला सुरू झाला. उशी ओली. दमा म्हणून पंप घेत होतो काही महिने. शेवटी कुणीतरी बेरियम पाजून एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की बँडखालचं जठर वर सरकून आलंय. बँड घसरणं म्हणतात ते. सगळं सलाईन काढलं, खोकला आठवड्यात गेला, भूक दुसऱ्या आठवड्यात आली. नवव्या वर्षी बँड काढला.

तिन्हीसांज, 'नाही जमलं तर काढून टाका' हे तुमचं वाक्य वाचून मला लिहावंसं वाटलं. मीही तेच बोललो होतो. काढता येतो, खरं आहे. पण एक, काढायलाही भूल आणि ऑपरेशन लागतं, आणि बँडभोवती धरलेलं जाड कवच सोडवायला बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दोन, बँड निघतो तेव्हा वजन परत येतं. उलटवता येतो म्हणजे सगळंच उलटतं. माझे १३१ परत दिसायच्या आत तीन महिन्यांनी बायपास करून घेतला. ज्या कापाकापीपासून पळत होतो, तिथेच पोचलो, फक्त नऊ वर्षं उशिरा आणि चिकटलेल्या पोटानिशी.

आणखी एक. ज्यांनी बँड बसवला ते सर्जन मध्यंतरी दुसरीकडे निघून गेले. दुसऱ्याने बसवलेल्या बँडला हात लावायला तीन ठिकाणी नकार मिळाला. हे आधी विचारून ठेवा.

---

अडगळ

वाचतोय. जुना_भिडू, हे लिहिल्याबद्दल आभार.

---

शून्यप्रहर

अनुभव दोन्ही बाजूंनी येतील, म्हणून थोडे आकडे. (सवय आहे, सांभाळून घ्या.)

दुर्बिणीतून हा बँड पहिल्यांदा बसवला १९९३ मध्ये, बेल्जियममध्ये. अमेरिकेत एफडीएची (तिथल्या औषध नियामकाची) मान्यता २००१ ला. २०११ मध्ये तिथल्या वजनाच्या शस्त्रक्रियांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बँड होते. २०१९ मध्ये एक टक्काही नाही. तंत्रज्ञान एवढ्या वेगाने मागे पडतं तेव्हा नवं काहीतरी आलेलं असतं (स्लीव्ह आलं) किंवा जुन्याचे दूरचे निकाल हाती आलेले असतात. इथे दोन्ही झालं.

दूरचे निकाल असे. ब्रुसेल्सच्या एका गटाने २०११ मध्ये आपले बारा वर्षांहून जुने ८२ पेशंट तपासले, जवळपास निम्म्यांचे बँड तोवर काढावे लागले होते. ऑस्ट्रेलियातला २०१३ चा पंधरा वर्षांचा अभ्यास बँडच्या बाजूचा मानतात. त्यात सरासरी ४७ टक्के जादा वजन उतरलेलं टिकलं, पण सुमारे ४३ टक्के लोकांना मधे दुरुस्तीचं ऑपरेशन लागलं. ब्रिटनमध्ये बँड, स्लीव्ह, बायपास अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी करून मोठी चाचणी झाली. तीन वर्षांनी निम्मं जादा वजन उतरवलेले लोक बायपासमध्ये दोन तृतीयांशाच्या आसपास, बँडमध्ये चौथा हिस्सा.

आता 'जादा वजन' या शब्दाकडे नीट बघा, कारण माहितीपत्रकं इथेच डोळ्यात धूळ फेकतात. तुमच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६८ किलो. तुमचं जादा वजन ५०. त्याचे ४७ टक्के म्हणजे साडेतेवीस किलो. म्हणजे पंधरा वर्षं सगळं नीट चाललं तर तुम्ही साधारण ९५ वर. एकूण वजनाच्या हिशेबात वीस टक्के. स्लीव्हला साधारण पंचवीस टक्के धरतात, म्हणजे ८८-८९. बायपासला तीस, म्हणजे ८३ च्या आसपास. सरासरी आहे, तुमचं नशीब नाही, पण ४७ टक्के ऐकून ११८ चं निम्मं मनात येतं, तसं ते नाही.

बँडच्या बाजूने एकच आकडा बळकट आहे: ऑपरेशनच्या वेळचा धोका तिन्हींत त्याचाच कमी. पहिल्या महिन्यात बँड जिंकतो. दहाव्या वर्षी हरतो.

---

तिन्हीसांज

९५... हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावलाय. वाईट वाटलं, पण आजचे ११८ बघता ९५ पण चालेल असं एक मन म्हणतंय. भोपळाताई, तुमची वाट बघतेय. कुणीतरी चांगलं बोला हो.

---

भोपळा_टुणूक

आले. चांगलंच बोलणार आहे, पण शेवटपर्यंत वाच.

माझा बीएमआय ३६ होता, वजन ९७. आज ७४. तेरा वर्षांत बँड कधी घसरला नाही, गळला नाही. दोन बाळंतपणं बँडसकट झाली. दोन्ही वेळा उलट्या सुरू झाल्यावर सलाईन काढून बँड सैल केला, बाळाला पोषण मिळू दिलं, स्तनपान आटोपल्यावर पुन्हा भरला. ही सोय स्लीव्हवालीला नाही, हे मान्य करायलाच हवं. (आणि कुठलीही शस्त्रक्रिया केलीस तरी वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत, हे तुला लागू असेल तर सांगून ठेवते.)

मग गुपित काय? क्लिनिक माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पहिल्या वर्षी मी नऊ वेळा गेले. आजही वर्षातून एकदा जाते, त्रास असो नसो. सुई टोचताना त्या मला मान उचलायला लावतात, पोटाचा स्नायू ताठ झाला की पोर्ट बोटांना लागतं. टोचल्याचं काही नाही, पण सुई पोर्टच्या तळाला टेकते तेव्हा जो बारीक 'टक' असा धक्का बसतो, त्याची मला अजून शिरशिरी येते.

जेवताना मी बोलत नाही. घास संपेपर्यंत काटा खाली ठेवते. जेवणाबरोबर पाणी नाही. ब्रेड तेरा वर्षांत खाल्लेला नाही, म्हणजे खाल्लाय, आणि दर वेळी पस्तावलेय. मला गोड आवडत नाही, हा निव्वळ योगायोग. जुना_भिडूंची आईस्क्रीमची वाट माझ्यापुढे कधी उघडलीच नाही. इच्छाशक्ती वगैरे काही नाही त्यात.

तू विचारशील, आज पुन्हा निवडायची वेळ आली तर? तेव्हा स्लीव्ह नवीन होतं आणि वजन उतरवणारी ही इंजेक्शनं नव्हती. आज मी बँड निवडला नसता बहुतेक. बँडवर राग नाही, पण तो सांभाळणारी माणसं संपत चालली आहेत. माझ्या क्लिनिकमध्ये सुई टोचणारी आता एकच जण उरली आहे, आणि ती निवृत्तीला आली आहे.

---

अडगळ

इंजेक्शनांचा विषय निघाला म्हणून. मी सव्वा वर्ष सेमाग्लुटाइडवर आहे. २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं, माझं १३ उतरलंय. टिर्झेपाटाइडच्या २०२२ च्या चाचणीत वरच्या डोसला ७२ आठवड्यांत २१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बँडच्या तोडीचं, पट्ट्याशिवाय.

तिन्हीसांज, तुम्हाला 'मागे फिरता येणारं' काहीतरी हवंय ना? मग खरं मागे फिरता येणारं हेच आहे. टोचायचं थांबवलं की थांबलं. पण जुना_भिडू म्हणाले तेच इथेही: थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं असं त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. पहिले दोन महिने मळमळीने जीव नकोसा झाला होता. आणि हे औषध रक्तदाबाच्या गोळीसारखं वर्षानुवर्षं घ्यायचं, ही तयारी लागते.

---

रानवारा

माझी आधीची कॉमेंट घाईची होती. माफ करा. वाचतोय आणि शिकतोय.

---

टाचणी

सर्जनला विचारायच्या गोष्टी सुचतील तशा लिहिते.

तुम्ही वर्षाला किती बँड बसवता आणि किती काढता? मी असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. उत्तरात 'काढता' जास्त आलं तर काय ते समजा. मग सलाईन कोण भरणार, सुट्टीच्या दिवशी घास अडकला तर फोन कुणाला. ॲसिडिटी, छातीत जळजळ, झोपेत आंबट पाणी वर येणं यातलं काही असेल तर ते लपवू नका. एंडोस्कोपी आणि बेरियमची तपासणी मागून घ्या. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) मोठा असेल किंवा अन्ननलिका नीट आकुंचन पावत नसेल तर बँड म्हणजे आधीच तुंबलेल्या गटारावर झाकण. आणि घोरण्यासाठी झोपेची तपासणी, ती कुठल्याही ऑपरेशनच्या आधी. भूलतज्ज्ञ तुमचे आभार मानतील.

ज्यांना आधीच बँड आहे आणि हा धागा वाचताहेत त्यांच्यासाठी: पाणीसुद्धा खाली जात नसेल, उलट्या थांबत नसतील, पोटात अचानक जोरात दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका. बऱ्याच दिवसांच्या उलट्यांनी थायमिन (व्हिटॅमिन बी-१) कमी होऊन नसांवर परिणाम होतो, ते वेगळंच. दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनला जाताना बँड आहे हे भूलतज्ज्ञाला सांगा, वरच्या पिशवीत अन्न असू शकतं. पोर्टपाशी लाली आली, पाणी आलं तर नुसता संसर्ग समजून अँटिबायोटिक घेत बसू नका. बँड जठरात रुतत चालल्याची ती पहिली खूण असू शकते.

---

तिन्हीसांज

पाच आठवड्यांनी परत आले. तपासण्या केल्या.

जळजळीचं मी सर्जनना सांगितलंच नव्हतं. वर्षानुवर्षं उशाशी गोळ्यांची पट्टी ठेवून झोपते, तो मला आजार वाटतच नव्हता. एंडोस्कोपीत चार सेंमीचा हायटस हर्निया निघाला आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ओरखडे. सर्जननी पडद्यावर दाखवलं, लाल रेघा. मग टाचणीताईंचा प्रश्न विचारला. म्हणाले, गेल्या तीन वर्षांत बँड बसवले शून्य, काढले सव्वीस. "तुम्ही त्या दिवशी बँड म्हणालात तेव्हा लगेच नाही म्हटलं असतं तर तुम्ही परत आला नसता," असंही म्हणाले. म्हणजे ते गप्प का झाले, त्याचं उत्तर त्यांनीच दिलं.

बँड बाद. आणि स्लीव्हसुद्धा जवळजवळ बाद, कारण त्याने जळजळ वाढते. उरला बायपास, ज्याने जळजळ बहुधा कमी होते. ज्याच्या चित्राकडे मी बघतही नव्हते तोच. आयुष्यभर व्हिटॅमिनच्या गोळ्या, दुखण्याच्या ठरावीक गोळ्या बंद, रक्त तपासत राहायचं, सगळं नीट लिहून आणलंय. दुसरा रस्ता म्हणून अडगळ म्हणतात ते इंजेक्शन सहा महिने घेऊन बघायचं आणि मग ठरवायचं. मी अजून ठरवलेलं नाही. रात्री एक ठरतं, सकाळी दुसरं.

ठरलंय ते एकच. झोपेच्या तपासणीत तासाला ३८ वेळा श्वास अडकतो असं निघालं. मास्कचं मशीन आणलंय. त्याचा बारीक सुस्कारा चालू असतो रात्रभर. नवरा म्हणाला घोरण्यापेक्षा बरा, आणि उशी घेऊन परत आला.

---

जुना_भिडू

मास्कची पट्टी नाकावर वळ उठवत असेल तर सैल करा, घट्ट नाही. सगळे उलटं करतात. आणि बायपासचं ठरलं तर व्यक्तिगत निरोप करा, पहिल्या महिन्यात काय काय होतं ते सांगतो.